हैबतीनं पक्कं तेच घेतलं

एका गावात एक रेडिओ केंद्र होतं, आणि त्या केंद्रात एक भोळा हैबती होता.

गावाचं नाव मोरदरा. केंद्राचं नाव 'पाणवठा रेडिओ'. गावच्या महिला मंडळानं ते काढलेलं, आणि आसपासच्या बावीस गावांत ते ऐकू जायचं. सकाळी हवामान, मग गुरांच्या डॉक्टरांचा सल्ला, मग गाणी, मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना. मंडळाच्या अध्यक्ष होत्या शालनताई. बाई करारी, पण मनानं मऊ. सकाळचा कार्यक्रम त्यांची मुलगी रत्नमाला करायची. तिचा 'नमस्कार मंडळी' कानावर पडल्याशिवाय बावीस गावांत कुणी चुलीवरचा चहा उतरवत नसे.

हैबती म्हणजे केंद्राचा तंत्रज्ञ. तो तंत्रज्ञ कसा झाला, त्याची हकिगत लहान आहे. केंद्राचा मनोरा उभा करायला जी माणसं आली होती त्यांत तो होता. काम संपल्यावर शालनताई त्याला म्हणाल्या, इथं बस, चहा येतोय. तो बसला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

तो बसला होता ती खुर्ची नेमकी कॉम्प्युटरपुढची होती. सगळे कार्यक्रम त्या कॉम्प्युटरवरून लागायचे. हैबती मन लावून शिकला. त्याची रीत साधी होती. कुणी काही सांगितलं की ते आधी वहीत लिहायचं, मग करायचं. लिहिलंय तेवढंच करायचं. त्यात पदरचं काही घालायचं नाही.

एकदा रत्नमाला म्हणाली, श्रोत्यांचे फोन थेट कार्यक्रमात घेता आले तर किती बरं होईल. हैबतीला तिचं फार कौतुक. ती शाळेत जात होती तेव्हापासून तो तिला बघत आलेला. त्यानं मोबाइलवर शोधलं. तिथं एक गृहस्थ सांगत होते की कॉम्प्युटरच्या अमुक यादीत ही एक ओळ घाला, म्हणजे सगळं ताजं ताजं सामान मिळेल. हैबतीनं ओळ घातली. लगेच कॉम्प्युटरनं विचारलं, तीनशे बारा नग नवीन आले आहेत, घेऊ का?

आता, शालनताईंनी त्याला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं की दारात कुणी काही मागायला आलं तर नाही म्हणू नकोस. ते वहीत होतं. हैबती 'हो' म्हणाला.

कॉम्प्युटरनं तीनशे बारा नग पोटात घेतले आणि तो जो गप्प झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर नुसतं सूं सूं ऐकू आलं. बावीस गावांत चहा उतू गेला.

मग तालुक्याहून अन्वरभाई मुजावर आले. कॉम्प्युटर त्यांनीच बसवून दिलेला. त्याला चालवणारं लिनक्सही त्यांनीच घातलेलं, आणि अडीअडचणीला धावून येणारेही तेच. स्कूटर लावून ते जे आत शिरले ते दुपारी घाम पुसतच बाहेर आले. मग त्यांनी हैबतीला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं.

हा कॉम्प्युटर आपलं सामान कोठारांतून आणतो. अशी कोठारं तीन. त्यांना रिलीज म्हणतात. पहिलं स्टेबल, म्हणजे पक्कं. तिथला माल जुना असतो, पण वर्षानुवर्षं पारखलेला. दुसरं टेस्टिंग, तिथल्या मालाची चाचणी अजून चालू असते. तिसरं अनस्टेबल, तिथं रोज ताजा माल उतरतो आणि तो टिकेल का मोडेल ते देवाला ठाऊक. कोठार कुठलं, ते आपण ठरवायचं असतं. तुझ्या त्या ओळीनं तू तिसरं उघडून दिलंस.

"ताजं दिसलं म्हणून घ्यायचं नाही, हैबतीराव," अन्वरभाई म्हणाले. "जुनं, पक्कं, तेच घ्यायचं."

हैबतीनं वहीत लिहिलं. ताजं दिसलं म्हणून घ्यायचं नाही. जुनं, पक्कं, तेच घ्यायचं.

आठ दिवसांनी केंद्रावर पालेभाज्यांचा कार्यक्रम होता. आहाराबद्दल बोलायला तालुक्याहून एक बाई यायच्या होत्या. शालनताईंनी हैबतीला बाजारात पिटाळलं, दोन जुड्या मेथी आण म्हणून.

भाजीवालीपुढं मेथीचा ढीग होता. पहाटेच उपटलेली, मुळांना ओली माती, पानांवर पाणी. हैबतीनं ती बाजूला सारली. त्यानं विचारलं, कालची आहे का? भाजीवाली म्हणाली, कालची विकली. परवाची? परवाची गुरांना घातली. हैबती उठेना. शेवटी तिला आठवलं की पोत्याखाली गेल्या आठवड्याच्या दोन जुड्या दबून राहिल्यात. त्या तिनं काढून दिल्या. हैबतीनं त्या नीट कागदात गुंडाळून आणल्या.

आहाराच्या बाई माईकसमोर बसल्या. मेथी कशी असावी, तर अशी हिरवीगार, असं म्हणून त्यांनी जुडी उचलली आणि त्या थांबल्या. नंतर त्या कडधान्यांबद्दल बोलल्या.

शालनताईंनी हैबतीला आत बोलावलं. ताजी मेथी नव्हती का, असं विचारलं. हैबती म्हणाला, ढीगभर होती, पण आपण फसलो नाही. ताईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे सांगितलं की वस्तू घेताना आधी नाकाला लावून वास घ्यावा. मग अंगठ्यानं दाबून बघावी. भेंडीसारखी असेल तर टोक मोडून बघावं. कट्कन मोडलं तर समजावं, चांगली आहे.

हैबतीनं ते लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात अन्वरभाईंनी पाठवलेला नवा माईक आला. चांगल्या खोक्यात, कापसात गुंडाळलेला. हैबतीनं खोकं उघडलं. माईक नाकाला लावून वास घेतला. वास बरा होता. अंगठ्यानं दाबून बघितला. घट्ट होता. मग टोक मोडून बघितलं. ते कट्कन मोडलं.

त्यानं लगेच अन्वरभाईंना फोन करून कळवलं की माईक पोचला, माल एकदम चांगला आहे.

अन्वरभाई पुन्हा आले. त्यांनी मोडकं टोक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग ते म्हणाले, आलेली वस्तू फोडून बघायची नसते. कॉम्प्युटरचंच उदाहरण घे. कोठारातून माल आला की तो काही फोडून बघत नाही. माल पाठवणाऱ्याचा शिक्का आहे का, एवढंच बघतो. ओळखीचा शिक्का असला की आत. शिक्का नसला तर कितीही गोड बोलला तरी दारातूनच परत.

हैबतीला हे पटलं. त्यानं लिहिलं. शिक्का असला की आत. नसला तर दारातूनच परत.

दुसऱ्या दिवशी बनूबाई सुईण यायच्या होत्या. वय ऐंशी, आणि सहाशेच्या वर बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनीच या जगात आणलेलं. शालनताईंनी तीन महिने मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. सकाळच्या एसटीनं त्या उतरल्या, काठी टेकत केंद्रावर आल्या. दारात हैबती होता.

हैबतीनं त्यांना शिक्का मागितला. बनूबाई म्हणाल्या, कसला शिक्का? हैबती म्हणाला, पाठवणाऱ्याचा. बनूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच असा सवाल ऐकला. त्या म्हणाल्या, मला पाठवणारे कधीच वर गेले बाबा, आणि शिक्का काही त्यांनी मारला नव्हता. हैबतीला वाईट वाटलं, पण वहीत होतं ते वहीत होतं. त्यानं त्यांना हाताला धरून परत एसटीत बसवलं. वर कंडक्टरला सांगितलं, आजींना नीट उतरवा.

तेवढ्यात एक माणूस सापडलेली शेळी घेऊन आला. कुणाची आहे ते रेडिओवर सांगा, म्हणाला. त्या माणसाला शिक्का नव्हता. शेळीला होता. तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता, त्यावर बारा आकडी नंबर. हैबतीनं माणसाला बाहेर थांबवलं आणि शेळीला आत घेतलं.

आत रत्नमाला कागद बघत होती. दार उघडून पाहुणा आला, खुर्ची सरकली, एवढं तिला कळलं. तिनं लाल दिवा लावला आणि आपल्या गोड आवाजात सांगितलं की सहाशे बाळांच्या जन्माला हात देणारं एक थोर व्यक्तिमत्त्व आज आपल्यासोबत आहे, आणि त्यांना आपण विचारू या, कसं वाटतं? शेळी म्हणाली ते बावीस गावांनी ऐकलं.

मंडळाच्या बायकांनी त्या दिवशी सभाच घेतली. हैबतीला काढा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शालनताई म्हणाल्या, त्याला खुर्चीवर मी बसवलंय, आणि त्यानं आजवर मनानं काही वाईट केलेलं नाही, सांगितलेलंच केलंय. तेव्हा चूक सांगणाऱ्याची. एवढ्यावर सभा संपली. पण त्या सगळ्यांसमोर हैबतीला म्हणाल्या की ही शेवटची वेळ. हैबतीनं मान खाली घातली. त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग ताईंनी सांगितलं, माणसाला शिक्का मागत नाहीत. माणसं आली की मोठं कोण ते बघायचं. मोठ्याला आधी आत घ्यायचं, मान द्यायचा. धाकटा असेल त्याला गोडीनं म्हणायचं, जरा थांबा.

हैबतीनं ते लिहून घेतलं, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

यानंतर दोन महिने काही झालं नाही. कारण कुणी काही सांगितलंच नाही.

मग रत्नमालाचं लग्न ठरलं. मुलगा चौदा किलोमीटरवरच्या बोरखिंडीचा, नाव रायाजी. दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शांत, मान खाली घालून बोलणारा, सांगितलं तर दोनदा न विचारता ऐकणारा. लग्न केंद्राच्या अंगणातच करायचं ठरलं. बावीस गावांतनं निरोप आले की आमच्या लेकीच्या मंगलाष्टका आम्हाला ऐकू आल्या पाहिजेत. शालनताईंनी शब्द दिला. लग्न रेडिओवरून थेट ऐकवायचं.

त्यासाठी कॉम्प्युटरला एक वेगळा प्रोग्रॅम लागणार होता. तो पक्क्या कोठारात नव्हता, टेस्टिंगमध्ये होता. अन्वरभाईंनी फोनवर सांगितलं की घाबरू नको. कोठार बदलायचं नाही. बाकी सगळं स्टेबलवरच राहू दे, तो एकटाच प्रोग्रॅम टेस्टिंगमधनं घ्यायचा. त्यासाठी फक्त पिन लावायची.

हैबती घरी गेला. त्याची बायको सुगंधा चपात्या लाटत होती. तिच्या बांगडीला तीन सेफ्टी पिना होत्या. त्यातली मोठी त्यानं मागून घेतली. केंद्रावर येऊन कॉम्प्युटरला लावून बघितली. पत्र्यात ती शिरेना. मनोऱ्याकडं जाणारी जाड काळी केबल मऊ होती. तिच्यात ती आरपार बसली.

मग त्यानं अन्वरभाईंना फोन केला.

"पिन लावली."

"बसली?"

"घट्ट बसली."

"बाकी सगळं चालू आहे ना? आता काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही," हैबती समाधानानं म्हणाला.

अन्वरभाई स्कूटरवरून आले. केबल बघितली. पिन काढली. केबल कापून नवी जोडली. मग ते पायरीवर बसले. त्यांना तीन भाऊ होते, आणि तिघांनी त्यांना वेळोवेळी शेतीच करायला सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं.

पण माणूस जिद्दीचा. त्यांनी हैबतीला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. पिन म्हणजे टाचणी नव्हे. पिन म्हणजे यादीत नावापुढं लिहिलेला आकडा. एकाच नावाचा माल दोन कोठारांत असतो. एक जुना, एक नवा. नाव एकच. मग कुठला घ्यायचा, ते आकड्यावर ठरतं. ज्याचा आकडा मोठा, तो आत. शंभर म्हणजे दुसरं कुणी नसलं तरच. पाचशे म्हणजे नेहमीचा. नऊशे नव्वद म्हणजे आपल्या खास मर्जीतला. वजा म्हणजे कधीच नाही, उंबऱ्याला पाय लावू द्यायचा नाही.

"आणि हजाराच्या वर?" हैबतीनं विचारलं.

"हजाराच्या वर जपून. हजाराच्या वर आकडा दिला की नवा येऊन बसलेला असला, तरी त्याला उठवून जुना आणून बसवतो."

हैबतीनं सगळं लिहून घेतलं. मग त्यानं अन्वरभाईंच्या देखत यादी उघडली. स्टेबलच्या पुढं नऊशे नव्वद लिहिलं. टेस्टिंगच्या पुढं शंभर लिहिलं. त्या एकट्या प्रोग्रॅमच्या नावानं टेस्टिंगला नऊशे पंच्याण्णव दिलं. कॉम्प्युटरनं सांगितलं, एक नग नवीन, बाकीचे आहेत तिथंच. घेऊ का? हैबतीनं अन्वरभाईंकडं बघितलं, आणि मग 'हो' म्हणाला.

तो एकच नग आला. बाकी काही हललं नाही. अंगणातला माईक लावला तर आवाज मनोऱ्यावरून थेट बोरखिंडीपर्यंत गेला. अन्वरभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हैबतीला मिठी मारली. शालनताईंना ते म्हणाले, आता याच्याबद्दल काळजी करू नका. याला समजलं.

आणि खरंच समजलं होतं. इतकं की हैबती त्यानंतर जिकडंतिकडं तेच बघू लागला.

लग्नाला चार दिवस राहिले असताना केंद्रावर बायका बोलत होत्या. मुलगा चांगला आहे, फक्त नोकरीला लागून चारच महिने झालेत. अजून पक्का झालेला नाही. सहा महिने चाचणीवर आहे, मग ठेवायचा की नाही ते ठरवणार.

हैबतीच्या हातातला चहा थंड झाला.

मुलगा टेस्टिंगमधला होता. हे शालनताईंना माहीत होतं की नव्हतं? त्यानं कुणाला विचारलं नाही, कारण विचार असं कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तीन दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. कॉम्प्युटर बिघडला तर अन्वरभाई आहेत. रत्नमालाच्या बाबतीत धोका पत्करायला त्याचं मन घेईना.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी बारा सतराचा. अंगणात मांडव, बावीस गावांचे लोक, जागा नव्हती म्हणून भिंतीवर बसलेली माणसं. वऱ्हाड अकराला आलं. शालनताईंच्या पायाला भिंगरी होती. जाता जाता त्यांनी हैबतीला सांगितलं की मुहूर्ताच्या आधी रायाजी पाटावर आहे ना, तेवढं बघ.

हैबती मांडवात गेला आणि त्यानं विचारलं, रायाजी कोण?

दोन हात वर झाले.

एक नवरदेवाचा. दुसरा त्याच्या आजोबांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवलेलं होतं, जसं पुष्कळ घरांत ठेवतात. आजोबांचं वय ब्याऐंशी. डोक्याला गुलाबी फेटा, ताठ कणा, ऐकायला मात्र अगदी कमी, स्वतःचं नाव तेवढं ऐकू यायचं.

हैबती जागीच थबकला. नाव एकच. एक जुना, एक नवा. अन्वरभाईंनी शब्दाशब्दानं सांगितलेलं, आणि ते आता डोळ्यांसमोर बसलेलं.

त्यानं घाई केली नाही. पहिल्या रांगेत आजोबांच्या पत्नी रखमाबाई बसल्या होत्या. त्यांना त्यानं नम्रपणे विचारलं, हे कधीपासून आहेत? रखमाबाई म्हणाल्या, माझ्याकडं साठ वर्षं झाली. मधे कधी बंद पडले का? रखमाबाईंना वाटलं तब्येतीचं विचारतोय. त्या म्हणाल्या, नाही बाबा, एक दिवस अंथरूण धरलं नाही.

हैबतीनं मांडवाच्या खांबाला टेकून वही उघडली. नवा रायाजी, टेस्टिंग, शंभर. जुना रायाजी, पक्का. त्याच्यापुढं त्यानं लिहिलं, एक हजार एक.

मग तो पाटापाशी गेला. नवरदेव मुंडावळ्या बांधून बसला होता. हैबती त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, जरा आत चला. नवरदेव उठला. कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं रेडिओवर दोन शब्द बोलायचे असतील. हैबतीनं त्याला कार्यक्रमाच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. "जरा थांबा," तो गोडीनं म्हणाला, आणि बाहेरून कडी घातली. ती खोली आतून गाद्यांनी मढवलेली होती. आतलं बाहेर काही ऐकू येत नसे.

मग त्यानं आजोबांना मानानं हाताला धरून आणलं आणि पाटावर उभं केलं. आजोबांना वाटलं, थोरला म्हणून मान दिला. ते छाती काढून उभे राहिले.

आता कुणी म्हणेल, शेकडो माणसांनी हे बघितलं कसं आणि बोललं कसं नाही कुणी? मुलीकडच्यांना वाटलं, बोरखिंडीकडं पद्धत असेल, आधी आजा उभा राहत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मोरदऱ्याची पद्धत असेल. दुसऱ्याच्या पद्धतीला नावं ठेवू नयेत, एवढं दोन्हीकडच्यांना कळत होतं. भटजी पोथीत बघत होते. मामांनी रत्नमालाला आणलं. मधे अंतरपाट धरला. तिची मान खाली होती. मंगलाष्टका सुरू झाल्या.

मांडवात सगळं शोभेनं चाललं होतं. बावीस गावांत मात्र जरा वेगळं ऐकू येत होतं. अंगणातला माईक चालू होता तसा आतल्या खोलीतलाही चालू होता. त्यामुळं भटजींचं 'शुभमंगल सावधान' झालं की लगेच एक घाबरा आवाज यायचा, अहो, कुणी आहे का, मला बाहेर काढा. पुन्हा सावधान. पुन्हा मला बाहेर काढा. बावीस गावांत बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. बऱ्याच पुरुषांनी नुसती मान हलवली. शालनताईंच्या कनवटीला फोन होता, त्यावर एक्केचाळीस फोन येऊन गेले. पण लग्न म्हणून त्यांनी त्याचा आवाज बंद केलेला.

बारा सतरा झाले. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. रत्नमालानं हार उचलला आणि वर बघितलं.

आजोबा तिच्याकडं बघून मायेनं हसले.

रत्नमालानं हार परत ताटात ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. नऊ वर्षं ती हैबतीला बघत आली होती. तिनं गर्दीत फक्त त्याला शोधलं.

शालनताई पुढं आल्या. "हैबती, हे काय?"

हैबतीनं वही उघडून दाखवली. तो मनापासून सांगत होता. तो नवा अजून चाचणीवर आहे, ताई. नोकरीतसुद्धा त्याला पक्का केलेला नाही. हे साठ वर्षं चालतायत, एकदाही बंद पडलेले नाहीत. नाव तेच आहे. आपल्या रत्नमालाला मी बिघडणारं कसं देऊ?

रखमाबाई पहिल्या रांगेतून शांतपणे म्हणाल्या, "न्यायचे असतील तर खुशाल न्या. पण परत घेणार नाही."

लोक हसले. आधी एक जण, मग सगळा मांडव. आजोबांना काही ऐकू आलं नव्हतं, तेही हसले. हसण्यानं एक बरं झालं, बोरखिंडकरांचा राग निवळला. भटजींनी पंचांग चाळलं आणि सांगितलं की बिघडलं काही नाही, संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे, तो याहून चांगला. तोवर जेवणं उरकून घ्या. पानं मांडली गेली. पंगती बसल्या.

शालनताईंनी हैबतीला बाजूला घेतलं. आज त्यांना रागवायचंही त्राण नव्हतं. त्या म्हणाल्या की सकाळी किती छान होतं सगळं. सकाळी होतं तसं करून ठेव, बाकी काही करू नकोस. आणि त्या वाढायला गेल्या.

हैबतीनं लिहिलं. सकाळी होतं तसं करून ठेवणं. बाकी काही नाही.

तीन पंगती उठल्या. बोरखिंडच्या मंडळींना वाटत होतं, नवरदेव मुलीकडच्यांबरोबर जेवतोय. मोरदऱ्याच्यांना वाटत होतं, तो त्याच्या घरच्यांत आहे. चार वाजता रत्नमालानं विचारलं, त्यांना पान वाढलं का? तेव्हा कुणीतरी सांगितलं की हैबतीनं त्यांना सकाळी आत नेलं होतं, म्हणून शालनताई कार्यक्रमाच्या खोलीकडं गेल्या. कडी काढलेली होती. आत कुणी नव्हतं. हैबतीही नव्हता, आणि त्याची मोटारसायकलही नव्हती.

तेवढ्यात कनवटीचा फोन थरथरला. हैबतीचा होता.

"ताई, केलं सकाळी होतं तसं," तो म्हणाला. "यांना बोरखिंडीला घरी पोचवलं. लग्न मोडलं असं समजून बिचारे वाटेत काही बोलले नाहीत. घराला कुलूप आहे, सगळी माणसं लग्नाला गेलीत म्हणतात, म्हणून ओट्यावर बसवलंय. सकाळी यांची हळदीची आंघोळ चालली होती. शेजारी पाणी तापत ठेवलंय, तेवढी हळद घेऊन कुणाला तरी पाठवून द्या."